हरकतीची चूल

श्रावणी अवसेच्या उधाणाने शेवळखारचा बांध फोडला तेव्हा हौसा भाकऱ्या थापत होती. बांधावरून हाकाटी आली तशी तिने तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडली, जावेच्या, म्हणजे मैनेच्या, डोक्यावर पाटी दिली, आपण फावडं उचललं आणि दोघी चिखल तुडवत धावत सुटल्या. भाकरीचा कोळसा झाला असणार. पण त्या दिवशी खालच्या आळीत कुणाच्याच घरी धड शिजलं नाही.

शेवळखार हे पनवेलच्या खाडीकाठचं गाव. बांधाबाहेर खारं पाणी, आत भात, आणि मधे पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. त्या बांधाला बैलगाडी आडवी जाईल एवढी खांड पडली होती आणि समुद्र आत यायला बघत होता. ओहोटी लागेपर्यंत माणसं दोन्ही काठांवर नुसती भिजत उभी राहिली. ओहोटी लागली की पुढच्या भरतीआधी खांड बुजवायची, नाहीतर त्या साली भात विसरायचं.

अशा वेळी आधी एकाने खांडीत उतरायचं, अशी गावची रीत होती. तो छातीभर पाण्यात पाय रोवून उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या अंगाला लावून तिवराच्या फांद्या, पेंढ्या आणि चिखलाची ढेपळं रचत जातात. जो उतरला तो खांडीचा धनी. दिवाळीपर्यंत त्या खांडीची राखण त्याच्या गळ्यात, बांध झिरपला तर पहिली हाक त्याला, आणि बांधाच्या कामात शब्दही त्याचाच. मान मोठा, पण उतरायला कुणी फारसं धावत नाही.

हौसाचा नवरा दाजी कमरेचा पंचा आवळत होता. त्याला दम्याची धाप, पाण्यात उतरला असता तर निम्म्यातच वर काढावा लागला असता. तोवर त्याच्या धाकट्या भावाने, बळीरामाने, उडी टाकलीही. काशीराम म्हातारा गावात सगळ्यात जाणता. त्याने वरून नारळ टाकला, तो बळीरामाने झेलला आणि पाण्यात सोडला. मग दिवस मावळेपर्यंत कुणी मान वर केली नाही. पुरुष ढेपळं कापत होते, बाया पाट्या वाहत होत्या. हौसा आणि मैना एकामागून एक होत्या. मैनेचा पाय घसरला की हौसा मागून तिचा पदर धरायची, कारण पडायची तिला जन्मापासूनची खोड. लग्न होऊन आली तेव्हा परकरात होती ती. तिच्या वेण्या हौसाने घातल्या होत्या, तिला तांदूळ किती पाण्यात ठेवायचे हेही हौसानेच शिकवलं होतं. हौसाच्या दोन्ही पोरी सासरी गेल्यावर घरात पोरीसारखी तीच उरली होती.

खांड बुजली. बळीरामाला वर ओढला तेव्हा त्याचे पाय पांढरेफटक पडले होते आणि दात वाजत होते. हौसाने त्याला चुलीपुढे बसवून गरम पेज पाजली.

पुढे बांधाच्या कामाला पंचायतीकडून मदत आली. ग्रामसेवकाने विचारलं, काम कुणाच्या नावावर घ्यायचं? विचारायचं कशाला? सगळी आळी एका तोंडाने म्हणाली, खांडीचा धनी बळीराम. बळीरामाने कागदावर अंगठा उठवला. आलेला पैसा ज्याने ज्याने ढेपळ टाकलं त्या प्रत्येकाला देवळापुढे सारखा वाटला, धन्यालाही तेवढाच. अंगठ्याची शाई दोन दिवसांत धुतली गेली आणि तो कागद आळी विसरून गेली.

आता निवडणुकीचं.

बांधाला एक उघाडी होती, म्हणजे फळ्यांचं दार. फळ्या घातल्या की खारं पाणी बाहेर, काढल्या की आत. त्या कधी काढायच्या ते ग्रामपंचायत ठरवी. गावाच्या अंगाला कमळाकरशेटचं मिठागर होतं आणि मिठागराचा पाट त्याच उघाडीतून जाई. शेट राही पनवेलात, भात त्याने पाहिलं असेल ते ताटात. दसरा उलटला की त्याला मिठागरात पाणी हवं. आणि गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात तर कार्तिकापर्यंत शेतात उभं असतं. गेल्या साली पंचायतीत एका मताच्या फरकाने ठराव होऊन फळ्या दसऱ्यालाच निघाल्या आणि आळीचं गरवं मुळापासून पिवळं पडलं. ते एक मत होतं विठूचं. विठू खालच्याच आळीचा, आळीच्याच वार्डातून गेलेला, पण शेटचा मुकादम. त्याला सगळे नावं ठेवीत आणि वाटेत दिसला की रामराम घालीत.

यंदा आळी देवळात बसली आणि दाजीला उभं करायचं ठरलं. दाजी चार बुकं शिकलेला, बोलायला ठाम. मुख्य म्हणजे त्याचं शेत उघाडीला लागून. फळ्या निघाल्या तर पहिलं त्याचंच जाणार होतं. दाजीने आधी आढेवेढे घेतले. पण घरी येऊन तो हौसाला म्हणाला की जमलं तर हे जमायला हवं, यंदा गरवं गेलं तर पेरायला बीसुद्धा राहणार नाही. हौसाला ते कळत होतं. कणगीत हात घालणारी तीच होती.

अर्ज भरून झाला. अर्ज भरण्याची मुदत संपली. विठू आणि दाजी, दोघेच उरले. मग छाननीचा दिवस आला.

पनवेलला जायचं तर भरतीवर होडीने. हौसाने पडवळं आणि भेंडीची पाटी बरोबर घेतली, बाजार करून येता येईल म्हणून. बाजार झाल्यावर ती मामलेदार कचेरीच्या ओसरीत खिडकीखाली रिकामी पाटी घेऊन बसली. आत अव्वल कारकून निवडणुकीचे साहेब म्हणून बसले होते. माणूस वाईट नव्हता. एकेक अर्ज डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा आणि थंडपणे बाद करायचा. कुणाचा सूचक भलत्याच वार्डातला निघाला, कुणाचं वय बसेना, एकाने तर स्वतःच स्वतःला सुचवलं होतं. बाद झालेला माणूस बाहेर येऊन ओसरीतल्या लोकांना विचारायचा की मग मी उभा नाही का? लोक म्हणायचे, नाही. तो टोपी घालून चालू लागायचा.

दाजीचा नंबर आला तेव्हा विठूने हात वर केला. त्याची हरकत होती.

"साहेब, याच्या भावानं पंचायतीचं काम घेतलंय. बांधाचं. कागद ग्रामसेवकाकडं हाय."

साहेबांनी विचारलं, ते काम झालं की चालू आहे. इथे दाजीने गप्प बसायचं की नाही? पण खांडीच्या धन्याचा भाऊ तो, त्याची छाती फुगली.

"दिवालीपर्यंत हाय, साहेब. खांडीचा धनी हाय तो. मधे सोडता येत नाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हौसाला खिडकीतून त्यांचा फक्त हात दिसत होता.

"मग कठीण आहे," ते म्हणाले. "पंचायतीच्या कामात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला पंचायतीत बसता येत नाही. उद्या तुम्हीच काम देणार, तुम्हीच घेणार, असं होऊ नये म्हणून नियम आहे. एकत्र कुटुंबात भावाचा हितसंबंध तो तुमचाही."

दाजी म्हणाला, पैसे तर सगळ्या गावाने सारखे वाटून घेतले. साहेब म्हणाले, अंगठा एकाचाच आहे. दाजी म्हणाला, मग विठू शेटची चाकरी करतो, शेटला पाणी देतो, त्याला काहीच नाही? साहेबांनी थोडा विचार केला, खरोखर केला, आणि म्हणाले की शेट म्हणजे पंचायत नव्हे, त्याला नियम नाही.

 मग साहेबांनीच विचारलं, "भाऊ एकत्र आहात की विभक्त?"

खिडकीखाली हौसाने पाटी घट्ट धरली. दाजी खोकला.

"येगलं हाव," तो म्हणाला.

विठू मोठ्याने हसला. म्हणाला, साहेब, काल दोघं एका ताटात जेवलेत, सगळी आळी सांगेल. साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि निकाल राखून ठेवला. उद्या सकाळी तलाठी घरी येईल, दोन पंचांसमोर पंचनामा करील. चूल वेगळी असेल तर अर्ज राहील, एक असेल तर विठू बिनविरोध. म्हणजे मतपत्रिका छापायलाच नको, असं म्हणून त्यांनी पुढचा अर्ज उचलला.

होडी सुटली. तिवरं मागे पडली, बंदर दिसेनासं झालं, तेव्हा तिने विचारलं की येगलं हाव हे तुमच्या तोंडातून निघालं कसं. दाजीने पाण्यात हात धुतला आणि उलट विचारलं की भात वाचवायचं आहे का नाही.  तिला नवऱ्याचा राग आला आणि तो खरं बोलतो म्हणून आणखी आला.

दुपार अजून पुष्कळ होती. घरी पोचताच कामाला सुरुवात झाली. दाजी आणि बळीरामाने कारवीच्या काठ्या आणून माजघराच्या मधोमध कूड उभा केला आणि शेणमातीने लिंपला. दोन खोल्या इकडे, एक खोली आणि मागची पडवी तिकडे. मधलं दार कुडात गेलं, आता मैनेकडे जायचं तर अंगणातून वळसा. चुलीचा मात्र घोळ झाला. बळीराम वारुळाची माती आणायला निघाला, तेव्हा हौसाने त्याला थांबवलं. नवी चूल ओली असते, तलाठ्याने हात लावला की कळेल. तिने न्हाणीपुढची पाणी तापवायची चूल दाखवली. ती वर्षानुवर्षं जळून काळी झालेली. पहारीने खालची जमीन सोडवून चौघांनी ती मुळासकट उचलली आणि पडवीच्या कोपऱ्यात नेऊन बसवली. बसवताना बळीरामाचा अंगठा खाली सापडला, तेव्हा मैना हसली आणि मग हौसाही हसली. भांडी वाटताना तर दोघींचं भातुकलीसारखं झालं. हा टोप तुला, ही परात मला, कालथा एकच आहे तर तो तूच ठेव, उद्या संध्याकाळी आण परत. मैनेने कुडाला खुंटी ठोकून तिच्यावर सूप अडकवलं आणि लांब जाऊन बघितलं. ते तिला आवडलं होतं. हौसाला वाटलं, पोर अजून लहान आहे.

एक गोष्ट मात्र हौसाने बजावली. आगरी घरात चूल वेगळी होते ती नुसती मांडून नव्हे. मोठीने आपल्या चुलीतला विस्तव धाकटीच्या चुलीत घालावा लागतो. तो दिला की झालं, मग वाटणी मोडत नाही. हौसा म्हणाली, "मी इस्तव देनार नाय. तू काडी वढून पेटव. देवाला ठावं ऱ्हाईल का आपन येगलं नाय."

ही तोड तिला फार चांगली वाटली. रात्री चौघं तिच्याच चुलीवरचं जेवली, एका ओळीत बसून.

सकाळी तलाठी आला. तरुण पोरगा होता, वहाणा हातात घेऊन चिखलातून आलेला. पंच म्हणून एक विठूच्या मेळातला माणूस आणि दुसरा काशीराम म्हातारा. काशीरामाचं शेत दाजीच्या शेताला लागून, तेही उघाडीच्या तोंडावर. तेव्हा अंगणात जमलेली आळी निर्धास्त होती. तलाठ्याने कूड पाहिला, दोन दारं पाहिली, पडवीतल्या चुलीवर शिजत असलेला भात पाहिला, काजळीला बोट लावलं. मान डोलवून लिहून घेतलं. विठूच्या माणसाने म्हटलं, कूड ओला आहे. तलाठी म्हणाला, पावसात सगळंच ओलं असतं. लिहिलेलं वाचून दाखवलं आणि शाईची डबी काशीरामापुढे धरली.

काशीरामाने अंगठा पुढे केला नाही. तो वाकून पडवीत शिरला आणि चुलीपुढे बसला.

"मैने, इस्तव कोनी दिला?"

मैनेने हौसाकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली की काडीने पेटवली.

"मंग ही चूल नाय," काशीराम म्हणाला. "भात शिजवायची जागा हाय."

आळीतल्या लोकांनी त्याला समजावलं. कुणी म्हणालं, तात्या, तलाठ्याला चालतं तर तुम्हाला काय झालं. कुणी त्याच्या शेताची आठवण दिली. म्हातारा ऐकत होता आणि मान हलवत होता. त्याला ते सगळं पटत होतं. त्याचं भात काही दगडाचं नव्हतं. पण आजवर गावातल्या वाटण्यांना पंच म्हणून तोच बसत आला होता आणि विस्तव दिल्याशिवाय त्याने कुठे अंगठा उठवला नव्हता. तो हौसाकडे वळला.

"मी खोट्यावर अंगठा नाय देत, पोरी. खरा करायचा तर आता कर. मी थांबतो."

विठू अंगणाच्या कडेला विडी ओढत उभा होता. त्याची विडी विझली तरी तो ओढत राहिला. दाजी जमिनीकडे बघत होता.  बळीराम म्हणाला, वैनी, नको, राहू दे. पण ते असं हळू म्हणाला की त्याला तरी ऐकू आलं असेल की नाही.

हौसाला तेव्हा सगळ्यांचा राग आला. साहेबाचा, म्हाताऱ्याचा, खांडीत उडी टाकणाऱ्या दिराचा. आणि उघाडीलगतचं भातही डोळ्यांपुढे आलं. ते पोटरीला आलं होतं, सकाळीच तिने वाकून कणीस चाचपलं होतं. ती आपल्या दारातून आत गेली. चुलीतले निखारे तिने खापरीवर घेतले. मधलं दार आता नव्हतं, म्हणून अंगणातून, सगळ्यांच्या मधून, वळसा घालून ती पडवीत आली. रिमझिम चालू होती. तिने खापरीवर पदर धरला होता. मैनेच्या चुलीतली लाकडं तिने ओढून बाजूला केली, जळतं होतं ते विझू दिलं, आणि निखारे आत घातले. मग फुंकर मारली. दोनदा मारावी लागली.

"तुजी चूल तुना, माजी मना," ती म्हणाली. एवढंच म्हणायचं असतं.

मैना तिच्या पाया पडली. तीही रीतच होती, पण मैना लवकर उठेना. हौसाने तिला दंडाला धरून उठवलं. काशीरामाने अंगठा उठवला, चुना मागून घेतला आणि काठी टेकत निघून गेला.

दाजीचा अर्ज राहिला. मतपत्रिका छापायचं ठरलं. दाजीला निशाणी मिळाली छत्री, विठूला घोडा. विठू आळीभर सांगत सुटला की छत्रीने समुद्र अडत नाही, तेव्हा लोक हसले, पण प्रत्येकाच्या मनात भातच होतं.

विस्तव दिला असला तरी हे नाटक दोन दिवसांत मोडायचं, असं हौसाच्या मनात होतं. पण विठू काही झोपलेला नव्हता. त्याची बायको सकाळ-संध्याकाळ काही ना काही निमित्त काढून येई, कधी विरजण मागायला, कधी सहज, आणि दोन्ही छपरांतून धूर निघतो का ते बघून जाई. हरकत पुन्हा घेता येते म्हणे. तेव्हा धूर दोन ठिकाणी निघायलाच हवा होता. धूर निघायचा तर शिजवायला हवं, आणि शिजलं की ते टाकून थोडंच देतात? मैना तिकडे रांधू लागली, बळीराम तिकडे जेवू लागला. हौसा भात लावताना सवयीने चार माणसांचे तांदूळ घेई आणि मूठ मूठ परत टाकी. एकदा परत टाकायला विसरली, तर उरलेला भात दुसऱ्या दिवशी दाजीने शिळा खाल्ला.

कुडापलीकडून तिला सगळं ऐकू येई. मैना गुणगुणत असे. फोडणीचा वास येई आणि त्यात मिरची जास्त असे. हौसाच्या हातचं कालवण नेहमी सौम्य, दाजीच्या खोकल्यामुळे. इतकी वर्षं मैनेला तिखट हवं होतं आणि तिने कधी म्हटलं नव्हतं, हे हौसाला त्या वासावरून कळलं. तिला वाईट वाटलं. मग असंही वाटलं की म्हणायला काय झालं होतं.

मतदान आश्विनात झालं, शाळेत. हौसाने छत्रीवर शिक्का मारला. तिच्यामागे मैना होती, तिनेही छत्रीवरच मारला, तसं तिने बाहेर येऊन सांगितलं. ओल्या कुडाचं माहीत असूनही आळीने दाजीला मतं दिली. विठूच्या मेळातल्याही एक-दोघांनी दिली असावीत, कारण भात त्यांचंही होतं. दाजी निवडून आला. पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत कमळाकरशेटचा अर्ज आला आणि एका मताच्या फरकाने फेटाळला गेला. कापणी होईपर्यंत उघाडीच्या फळ्या जागच्या हलणार नव्हत्या. त्या दिवशी दाजी घरी आला तो इतका ताठ चालत की आपली धापही विसरला होता. हौसाने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. तिला खरोखर आनंद झाला होता.

जेवताना तिने विषय काढला. आता कूड पाडू या. दाजी म्हणाला की बळीराम दिवाळीपर्यंत धनी आहे, तोवर पंचायतीत बसायचं तर वेगळंच राहायला हवं, विठू टपलेला आहे. दिवाळी कुठे लांब आहे?

दिवाळी आली. गाव बांधावर गेलं, खांड पाहिली. उधाणांनी आजूबाजूचा बांध खरवडला होता, पण बळीरामाची खांड दगडासारखी बसली होती. काशीराम म्हणाला, ज्याच्या हाताने बसली त्याच्याकडेच राहू दे. पुढच्या सालचं बांधाचं कामही बळीरामाने घ्यावं, असं सगळ्यांनी ठरवलं. दाजी नव्या सभासदाला शोभेल असा बाजूला उभा होता. त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आल्यावर हौसाकडे न बघता हातपाय धुतले. म्हणजे कूड आणखी एक साल तरी राहणार होता.

गरवं कापलं. असं पीक आळीने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. झोडपणी एकाच खळ्यावर झाली, चौघांनी मिळून केली, भाऊ एकमेकांना पेंढ्या फेकत होते. पण मापताना रास दोन ठिकाणी लागली. कागदावर दोन घरं होती आणि विठूचा माणूस खळ्याच्या बांधावर बसून दात कोरत होता. मापी चालू असताना हौसाने मैनेच्या राशीत दोन सुपं जास्त ओतली. मैनेने पाहिलं. ती म्हणाली, "नको बाय. वाटा झाला तो झाला." रागाने नाही म्हणाली. बाईमाणसाने आपल्या घरचा हिशेब ठेवावा तसं म्हणाली, आणि दोन सुपं भरून परत ओतली.

त्यानंतर एकदा हौसाने, कपडे धुताना, सहज बोलावं तसं विचारलं की दाजीची मुदत संपली की कूड काढू या ना. मैना धुणं आपटत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना, बाय. आता सवय झाली." हौसा हं म्हणाली. तिने दाजीचा सदरा पिळला तो इतका की त्याची शिवण उसवली.

मार्गशीर्षात एके संध्याकाळी हौसा भात उतरवत होती तेव्हा दारात मैना आली. आत आली नाही, उंबऱ्याशी थांबली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीवर केळीच्या पानाचा तुकडा झाकला होता.

"कोलंबी केली हाय," ती म्हणाली. "भावोजींना बेतानं द्या, तिखट हाय."

हौसाने वाटी घेतली. मैना म्हणाली, चुलीवर भात आहे, आणि वळसा घालून निघून गेली. कालवण झणझणीत होतं आणि चांगलं होतं. दाजीने बोटं चाटून खाल्लं आणि खोकत खोकत म्हणाला, पोरीच्या हाताला चव आली. हौसानेही खाल्लं. एका घरातलं माणूस दुसऱ्या माणसापुढे वाटी झाकून आणत नाही. झाकून आणते ती शेजारीण. हे तिच्या मनात आलं. 

जेवण झाल्यावर तिने वाटी राखेने घासली, धुतली, पुसली. ती फळीवर ठेवायला गेली आणि थांबली. शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. लहानपणापासून ती हे करत आली होती, आळीतल्या प्रत्येक घरी, फक्त या एका घरी तिला कधी करावं लागलं नव्हतं. दाजी म्हणाला, "काय करतेस? ठेव ती. आपलीच हाय."  कणगीतल्या नव्या भाताचे कांडलेले तांदूळ तिने वाटीत भरले, वर गुळाचा खडा ठेवला आणि अंगणातून वळसा घालून पलीकडे गेली.

पडवीत चुलीचा उजेड होता आणि आतून मैनेच्या बांगड्यांचा आवाज येत होता. हौसा उंबऱ्यावर पाय ठेवणार होती, तो तिने मागे घेतला.

"मैने," तिने बाहेरूनच हाक मारली, "हायस का घरात?"